दुखवट्याचं दुकान

व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमधल्या, शोकप्रथांचे रील्स सध्या फार फिरतायत. काळे झगे, मृताच्या केसांची लॉकेट्स, आणि खाली कॉमेंट्स, "किती हळवी माणसं होती!" मला तर त्यात हळवेपणापेक्षा गल्ला जास्त दिसतो. तो भरायचा कुणी? बायकांनी आणि गरिबांनी.

डिसेंबर १८६१ मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला. तेव्हापासून १९०१ साली स्वतः जाईपर्यंत राणी व्हिक्टोरिया काळ्या कपड्यांतच राहिली. अल्बर्टच्या खोलीत तो गेल्यावरही रोज गरम पाणी ठेवलं जायचं. तिच्या दुःखाबद्दल वाद नाही. पण दुखवट्याचा बाजार तिच्या वैधव्याआधीच थाटला गेला होता. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर खास दुखवट्याच्या कपड्यांचं जेज हे भलंमोठं दुकान १८४१ सालीच उघडलं होतं.

आता त्या कपड्याचं बघा. विधवेनं पहिलं वर्ष आणि वर एक दिवस क्रेप वापरायचं. क्रेप म्हणजे चमक घालवलेलं, सुरकुत्या पाडलेलं काळं रेशीम. अंगाला टोचणार, पावसात आकसणार, आणि रंग सुटून मानेवर काळे ओघळ येणार. पुढे ते हळूहळू कमी करत शेवटी करडा, फिका जांभळा असा 'अर्धा दुखवटा'. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. त्यात वापरलेलं क्रेप घरात ठेवणं अशुभ, असाही समज! म्हणजे पुढच्या मयताला नवी खरेदी आलीच. (ही अफवा कोणी उठवली असेल, हे सांगायला नको.) आणि विधुर? हॅटला काळी पट्टी, काळे हातमोजे, आणि लागला कामाला. नाक मुरडायची सोय आपल्याला नाही म्हणा, आपल्याकडे त्याच काळात केशवपन चालू होतं.

गरिबांची तऱ्हा आणखी वाईट. १८३२ च्या कायद्यानं वर्कहाउसमधली (म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातली) बेवारस प्रेतं चिरफाडीसाठी वैद्यकीय शाळांना देता यायची. त्या धास्तीनं लोक पोटाला चिमटा काढून दर आठवड्याला दफन-मंडळात, म्हणजे अंत्यविधीच्या खर्चासाठीच्या भिशीत, पेनी भरायचे. १८५४ साली लंडनच्या वॉटर्लूहून शहराबाहेरच्या ब्रुकवुडच्या दफनभूमीला खास रेल्वे सुरू झाली, तर तिच्यातही तीन वर्ग, अगदी शवपेट्यांनासुद्धा. नातेवाइकांना परतीचं तिकीट, पेटीला एकेरी. हिशोबाला पक्के!

या थाटाला कंटाळलेले तेव्हाही होतेच. काळे पट्टे, लांब झगे असलं काही घालून माझ्या अंत्यविधीला येऊ नका, असं कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. खुद्द राणीनंही स्वतःच्या दफनासाठी पांढरा पोशाख आणि लग्नातली डोक्यावरची जाळी सांगून ठेवली.

ही प्रथा खरी मोडली ती पहिल्या महायुद्धात. घरोघरी विधवा झाल्या, बायका कारखान्यांत कामाला लागल्या, अडीच वर्षं क्रेप मिरवणार कोण? क्रेपवर गबर झालेल्या कोर्टॉल्ड्स कंपनीचं मात्र काही अडलं नाही. तिनं १९०४ मध्येच कृत्रिम रेशमाचे हक्क विकत घेऊन ठेवले होते.