धडक झाली नाही, तरी तो अपघातच

उभ्याने प्रवास करत असताना चालकाने करकचून ब्रेक दाबला, हातातली दांडी सुटली आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. बस कशावरही आदळली नव्हती, साधी काचसुद्धा तडकली नव्हती. त्यामुळे या प्रकाराला मी स्वतःच कित्येक दिवस ‘बसमध्ये पडलो’ एवढेच म्हणत राहिलो. नुकसानभरपाईचा दावा करण्यासाठी दोन वाहनांची धडक व्हावीच लागते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

उतरण्यापूर्वी बस कंपनीच्या माणसाने ‘मला दुखापत नाही, तक्रार नाही’ असा छापील कागद पुढे केला. मी सही केली, पण उजव्या हाताने पेन धरवेना म्हणून डाव्या हाताने. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही, तेव्हा सही केली ते बरेच केले असे वाटले. मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडाला गेलेला तडा सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर हात बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. माझा तडा बाराव्या दिवशी सापडला, आणि तोवर त्या कागदावर मी ठणठणीत होतो.

कायदा धक्क्याविना प्रवासाची हमी देत नाही, हे मान्य करायला हवे. बस म्हटली की हिसके आलेच. प्रश्न एवढाच असतो की तो हिसका नेहमीचा होता की चालकाच्या निष्काळजीपणामुळे बसलेला. अमेरिकेतल्या न्यायालयांनी या मुद्द्यावर बराच खल केला आहे. बसलेले प्रवासीही आसनावरून फेकले गेले असतील, तर दावेदाराची बाजू भक्कम होते. चालक सहसा सांगतो की कुणीतरी अचानक आडवे आले. ते खरे असू शकते, पण मग त्याचा वेग किती होता आणि पुढच्या वाहनापासून अंतर किती होते, हे विचारावेच लागते. त्याचे उत्तर बसमधल्या कॅमेऱ्यात असते, आणि त्या यंत्रणेत जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण आपोआप चढत जाते. चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी पहिल्या दोन-चार दिवसांत लेखी करून पोच घ्यायला हवी होती. मी ती तिसऱ्या आठवड्यात केली आणि अर्थातच उशीर झाला होता. हाती राहिले ते तिकीट, शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंचा फोन नंबर आणि ती वाकडीतिकडी सही, जी पाहून वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही डावखुरे आहात का?”

बसचालकाने किती काळजी घ्यायची, यावर सगळीकडे एकमत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा प्रवासी वाहकाकडून पराकोटीची दक्षता मागतो, तर न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयीन पीठाने 1998 मध्ये तो जुना कडक निकष सोडून परिस्थितीनुसार वाजवी काळजी पुरेशी मानली. मुदतींचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये साधारणपणे 3 वर्षे मिळतात. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक संस्थेला 90 दिवसांत दाव्याची सूचना द्यावी लागते, कॅलिफोर्नियात 6 महिन्यांत. भारतात मोटार वाहन कायद्यातली 6 महिन्यांची अट 1994 मध्ये काढली होती. 2019 च्या दुरुस्तीने आणलेली तशीच अट 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा लागू झाली. बस सरकारी मालकीची आहे म्हणजे निवांत दाद मागता येईल, असे समजणाऱ्यांची फसगत इथेच होते.

रकमेबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा एक निकाल मला फार शहाणा वाटतो. अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतली घट नव्हे, असे त्यात स्पष्ट केले आहे. हात निकामी झाला तर सुताराचे आणि कारकुनाचे नुकसान एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून दाखल्यावरच्या आकड्याइतकेच, आपण त्या हाताने रोज नेमके काय करत होतो, हे सांगणारे पुरावे महत्त्वाचे ठरतात.

सहाव्या आठवड्यात मला तडजोडीचा निरोप आला. रक्कम वाईट नव्हती, पण स्कॅफॉइडला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, ते कधीकधी जुळतच नाही आणि मग स्क्रू घालावा लागतो. अंतिम तडजोडीवर सही झाल्यावर तो खर्च सहसा कुणी देत नाही. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत बोलणी थांबवावीत, असे मी उलट कळवले, आणि या वेळी पत्राची पोच घेतली.