अडीच महिन्यांची नोकरी

पुण्यात नोकरी बदलणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे: दोन-तीन महिन्यांत सोडलेली नोकरी रेझ्युमेवर दाखवायची की गाळायची? दाखवली तर धरसोडीचा शिक्का बसतो, गाळली तर बीजीव्हीत, म्हणजे नव्या कंपनीने केलेल्या पूर्वमाहितीच्या पडताळणीत, पकडले जातो. जर्मनीत राहून हा वाद ऐकताना वाटतं, यात दोन वेगळ्या कागदांची गल्लत होते आहे. रेझ्युमेत काय ठेवायचं हे आपण ठरवतो. ऑफर आल्यावर भरायचा पडताळणीचा फॉर्म हे मात्र सहीनिशी दिलेलं निवेदन असतं. रेझ्युमेतून अडीच महिने गाळले तर कुणाची फसवणूक होत नाही. ‘आधीच्या सर्व नोकऱ्या लिहा’ असं म्हणणाऱ्या फॉर्ममधून गाळले, तर ती खोटी माहिती ठरते.

भारतात ती सापडतेही लगेच. पीएफ कापला गेला असेल तर एका महिन्याची नोकरीसुद्धा यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत उमटते. टीडीएस कापला असेल तर प्राप्तिकराच्या नोंदीत कंपनीचं नाव येतं. पण माणूस जास्त अडकतो तो अर्धवट नोंदीमुळे. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरलीच नाही, तर कागदावर तुम्ही दोन ठिकाणी कामाला दिसता. २०२२मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं आणि मूनलायटिंगचा, म्हणजे एक नोकरी असताना गुपचूप दुसरी करण्याचा, वाद पेटला. त्यामुळे असा ओव्हरलॅप दिसला की शंका तिकडेच जाते. यावर उपाय आपल्या हातात आहे. पीएफची शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबायचं आणि यूएएन पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मध्ये आधार ओटीपीने तारीख स्वतः नोंदवायची. ही तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली असावी लागते. भरण्याआधी ती रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळवून पाहा. एकदा चुकीची गेली की दुरुस्तीला फार खेटे घालावे लागतात.

जर्मनीत चित्र जवळजवळ उलटं आहे. तुमची पेन्शनची नोंद नव्या कंपनीला पाहता येत नाही. तरीही इथला ‘लेबेन्सलाउफ’ (रेझ्युमे) सलग असावा अशी अपेक्षा असते. नोकऱ्या महिना आणि वर्षासह लिहितात, आणि दोन-तीन महिन्यांहून मोठी पोकळी दिसली की मुलाखतीत ‘तेव्हा काय करत होता?’ हा प्रश्न येतोच. म्हणून इथे छोटी नोकरी गाळताना ती किती छोटी होती यापेक्षा तिच्या जागी केवढं भगदाड पडतं ते पाहावं. पाच-सहा आठवड्यांची असेल आणि आधीच्या-नंतरच्या महिन्यांत मावून जात असेल तर खुशाल गाळा. अडीच महिन्यांची असेल तर लिहा. शेजारच्या नोकरीच्या तारखा ताणून भोक बुजवणं मात्र कधीच नको. त्याला इथला कायदा फसवणूक मानू शकतो, आणि करार नंतरही रद्द होऊ शकतो. शिवाय त्याच वर्षात आधीच्या कंपनीने किती रजा दिली याचा दाखला नवी कंपनी मागू शकते. लपवलेली नोकरी तिथे उघडी पडते.

पण मला आपल्याकडच्या या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. इथे जर्मनीत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं, आणि त्या काळात दोन्ही बाजू फक्त दोन आठवड्यांची नोटीस देऊन मोकळ्या होऊ शकतात. दहाव्या आठवड्यात जमलं नाही म्हणून वेगळे झाले, तर प्रोबेशन ज्यासाठी ठेवलंय तेच झालं. आपल्याकडे प्रोबेशन असतं, पण ते कंपनीने माणूस पारखण्यासाठी. माणसाने कंपनी पारखली की ती धरसोड! त्यात नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि तो पुरा केला नाही तर रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवायचं. इथे जर्मनीत ‘गेवेर्बेऑर्डनुंग’ या व्यवसायविषयक कायद्याच्या १०९व्या कलमानुसार अनुभवपत्र हा नोकरदाराचा हक्क आहे, नोकरी दोन महिन्यांची असली तरी. ते लेखी मागायचं, आणि नोकरी सोडतानाच मागायचं, कारण बऱ्याच करारांत हक्क सांगायची मुदत तीन महिन्यांवर आणलेली असते. आपल्याकडच्या ज्या मुलांना घाईने नोकरी लपवावीशी वाटते, त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे तिचा कागदच नसतो. दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

याचा अर्थ जर्मनीत सगळं चालतं असा नाही. सलग तीन नोकऱ्या प्रोबेशनमध्ये संपल्या तर इथेही भुवया उंचावतात.

लिहायचं कसं? मुदतीचा करार असेल तर नोकरीच्या नावापुढेच ‘मुदतीचा करार’ लिहा, म्हणजे ती का संपली हा प्रश्नच उरत नाही. तिच्याखाली एक ओळ पुरे, आणि त्या ओळीत पूर्ण झालेलं एखादंच काम सांगा. अडीच महिन्यांखाली सहा मुद्दे लिहिले की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. सोडण्याचं कारण रेझ्युमेवर नको, ते मुलाखतीसाठी ठेवा. स्टुटगार्ट-म्युनिककडे वाहन उद्योगात सेवा-कंपन्यांमार्फत काम करणारे आपले इंजिनिअर एक चूक हमखास करतात: प्रत्येक क्लायंट वेगळी नोकरी म्हणून लिहितात. पगार देणारी कंपनी एकच असेल तर वर तिचं नाव आणि पूर्ण कालावधी, आणि त्याखाली प्रकल्प. पुण्यात थर्ड पार्टी पेरोलवर (पगार एका कंपनीचा, काम दुसरीकडे) असणाऱ्यांनीही असंच लिहावं, कारण पडताळणीचा फोन पेरोलवाल्या कंपनीला जातो आणि क्लायंटकडे त्यांच्या नावाची नोंदच नसते.