गिल्बर्ट स्कीन राहूनच गेला की!

स्कॉटिश डॉक्टरांनी सामान्य लोकांसाठी केलेल्या लेखनावरचा तुमचा लेख झकास. पण या लेखनाची सुरुवात थेट अठराव्या शतकातल्या जेम्स लिंड आणि विल्यम बकन या डॉक्टरांपासून केलीत, हे काही पटलं नाही. त्यांच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, 1568 साली, एडिनबरामध्ये साथ सुरू असताना अ‍ॅबर्डीनच्या गिल्बर्ट स्कीनने प्लेगवर छोटंसं पुस्तक काढलं. स्कॉटलंडमध्ये छापलेलं वैद्यकावरचं पहिलं पुस्तक ते हेच. गडी वैद्यकाचा प्राध्यापक, लॅटिन हातचा मळ. तरी लिहिलं स्कॉट्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकभाषेत. प्रस्तावनेत सरळ सांगतो की लॅटिनचा सामान्य माणसाला काडीचा उपयोग नाही.

रोगाचं कारण त्याच्या मते दूषित हवा, म्हणजे तिथे गाडी चुकलीच. पण लक्षणं सांगताना तो लिहितो की जमिनीखालचे प्राणी आणि साप बाहेर येऊ लागले तर समजा, साथ आली. त्याचा खुलासा काय, तर जमिनीच्या पोटातली वाफ त्यांना सोसवत नाही! प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, इथपर्यंत पोचायला 1898 उजाडलं. तेव्हा सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत प्रयोग करत होता आणि आपली मुंबई प्लेगने बेजार होती.

पुढच्या भागात स्कीनवर सविस्तर लिहाच.