सायरनच्या वाटेने जाताय? मग आधी कप्तान व्हा

गोड गाण्याने खलाशांना भुलवून जिवानिशी मारणाऱ्या सायरनच्या बेटाजवळून जायचा बेत असेल तर वल्हेकरी म्हणून मुळीच जाऊ नका. त्यांना तिथे बघायला फार काही नाही आणि ऐकायला तर काहीच नाही.

कित्ता गिरवावा तो ओडिसियसचा, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ काव्यातल्या, ट्रॉयचं युद्ध संपवून जहाजाने घरी निघालेल्या नायकाचा. गड्याने मेणाची ढेप कापली, मळून मऊ केली आणि एकेका खलाशाच्या कानात भरली. स्वतःचे कान तेवढे मोकळे. मग डोलकाठीला करकचून बांधून घेतलं. हुकूम असा, की मी सोडा म्हणालो तर दोर आणखी आवळा. म्हणजे मोहात पडायचं कप्तानाने आणि घाम गाळायचा बाकीच्यांनी. ही युक्तीही त्याची नव्हे, सर्सीची. चेटकीण म्हणून जिला नावं ठेवायची, तिचा सल्ला फुकट मिळत असेल तर घ्यावा.

रूपाची धास्ती बाळगू नका. सायरन दिसायला कशा होत्या याबद्दल होमर चकार शब्द काढत नाही. ग्रीकांच्या रंगवलेल्या भांड्यांवर तर त्या चक्क पक्षी आहेत, फक्त डोकं बाईचं. मग गळाला काय लावलं होतं? स्तुती! त्यांनी ओडिसियसला नावानिशी हाक मारली, ग्रीकांचं भूषण म्हटलं आणि ट्रॉयला काय काय घडलं ते आम्हाला सगळं ठाऊक आहे, असं गाऊन सांगितलं. दहा वर्षं लढून आलेल्या माणसाला आणखी काय हवं! समोरच्या कुरणात सडक्या माणसांच्या हाडांचा ढीग, आणि हा भुवया उडवून ‘सोडा, सोडा’ करतोय. पेरिमिडिस आणि युरिलोकस या खलाशांनी उठून दोर आवळले, म्हणून वाचला.

सर्सीच्या वाड्यात मात्र आधी दुसऱ्यांना पाठवावं. युरिलोकस बावीस जणांना घेऊन गेला. संशय आला म्हणून तो दाराबाहेर थांबला, आत गेलेल्या बावीसांची डुकरं झाली. ओडिसियसला वाटेतच हर्मिस देवाने उतारा म्हणून मुळी दिली. वल्हेकऱ्यांना देव असे वाटेत भेटत नाहीत. डुकरांची माणसं करून घेतल्यावर आपण वर्षभर मेजवान्या झोडाव्यात. घराची आठवण करून द्यायला खलाशी आहेतच, तेव्हाही त्यांनीच करून दिली.

कॅलिप्सो या अप्सरेकडे सात वर्षं निघाली. दिवसा किनाऱ्यावर बसून घरासाठी रडायचं, रात्री तिच्या गुहेत झोपायचं, अर्थात नाइलाजाने. हे वेळापत्रक पाठ करून ठेवा.

स्किला ही राक्षसीण सहा तोंडांनी सहा माणसं उचलणार, हे सर्सीने आधीच सांगितलं होतं. ओडिसियसने खलाशांपाशी ब्र काढला नाही. न जाणो, घाबरून वल्ही सोडली आणि तळाशी जाऊन लपले तर!

आता सर्वात महत्त्वाचं. गोष्ट सांगायला एकटं उरावं. खलाशांनी सूर्यदेवाची गुरं खाल्ली म्हणून देवांचा राजा झ्यूसने वीज टाकली आणि उरलेले सगळे बुडाले. सायरनचं गाणं, सर्सीचा मोह, स्किलाचं भय, सगळं आपल्याला कळतं ते ओडिसियसच्याच तोंडून, तेही त्याला आसरा देणाऱ्या फिएशियन लोकांच्या राजाकडे, अल्किनूसकडे, जेवणं झाल्यावर. त्याच्या खलाशांपैकी ‘असं नव्हतं हो’ म्हणायला एकही जण शिल्लक नाही.

कथा रंगली की आहेराची चिंता नको. अल्किनूसने प्रत्येक सरदाराला ओडिसियससाठी एकेक मोठी तिवई आणि कढई द्यायला लावली. सरदारांनीही कुरकुरायचं कारण नव्हतं. एकट्याच्या खिशाला हे झेपत नाही, तेव्हा खर्च मागाहून प्रजेकडून वसूल करू, असं राजाने तिथेच सांगून टाकलं.