साडेसहाची साडेसाती

कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत भाषेचे भरघोस गुण हवे असतील तर आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचणं, लिहिणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ बँड (म्हणजे नवापैकी गुण) लागतात. ऐकण्यात मला साडेआठ पडले. सोसायटीच्या वार्षिक सभांना नेमाने बसतो, त्याचं फळ. लिहिण्यात मात्र साडेसहा. सरासरी झकास आली, पण कॅनडा सरासरी बघतच नाही. चारही विषय सुटेसुटे तपासतो, त्यामुळे ऐकण्यातले जास्तीचे मार्क लिहिण्याच्या खात्यावर वळवता येत नाहीत.

तासाभरात दोन लिखाणं करायची. पहिलं किमान १५० शब्दांचं पत्र. शेजारी रात्री मोठ्याने गाणी लावतो, त्याला लिहा. त्रास काय होतो, तुमच्यावर परिणाम काय झाला, त्याने काय करावं, हे तीनही मुद्दे आलेच पाहिजेत. आमच्याकडे हे काम आई गॅलरीत उभी राहून सहा-सात शब्दांत उरकते आणि तीनही मुद्दे येतात. शिवाय पत्ता लिहायची गरज नाही, असं पेपरातच छापलेलं. म्हणजे शाळेपासूनचे हक्काचे मार्क तिथेच गेले.

दुसरा निबंध किमान २५० शब्दांचा, आणि त्याला पत्राच्या दुप्पट वजन. परीक्षक चार गोष्टी बघतो: विचारलं त्याचंच उत्तर दिलंय का, मांडणीची संगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चौघांना सारखा वाटा. आमच्या क्लासचे सर शब्दसंपत्तीवाले. प्रत्येक निबंधात ‘प्लेथोरा’ आलाच पाहिजे, आणि परिच्छेदाच्या दारात ‘मोरओव्हर’ किंवा ‘फर्दरमोर’ उभा हवा. पुढे मी बँडचे निकष स्वतः वाचले. नऊ बँडवाल्याची वाक्यं अशी जोडलेली असावीत की जोड लक्षातही येऊ नये, असं तिथे म्हटलंय. साडीच्या फॉलसारखं, टाका दिसला की काम बिघडलं. माझ्या निबंधात तर नुसते टाकेच होते, साडी शोधावी लागत होती. पाठ करून आणलेली वाक्यंही परीक्षक ओळखतात म्हणे. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी एकच सुरुवात लिहिली असेल, तर ओळखायला परीक्षकच कशाला हवा?

फेरतपासणी मागता येते. पैसे भरायचे, बँड वाढला तर परत मिळतात. पण माझा निबंध ज्येष्ठ परीक्षकाने पुन्हा वाचावा असं मलाच वाटेना.

खरी पंचाईत मताची. सहमत आहात की नाही ते स्पष्ट सांगा आणि शेवटपर्यंत त्यावर टिका. मी ‘तुमचंही बरोबर, त्यांचंही बरोबर’ म्हणत संसार केलेला माणूस. बायकोने युक्ती सांगितली. ‘अरे, तुझं खरं मत कुणाला हवंय? ज्या बाजूला मुद्दे जास्त सुचतील ती बाजू घे.’ हे लाखमोलाचं निघालं. परीक्षक तुमच्या मताशी सहमत असायची गरज नसते, मत नीट लढवलंय का एवढंच तो बघतो. त्या आठवड्यात मी शाळेच्या गणवेशाविरुद्ध लिहिलं, मोटारींवर बंदी घातली, प्राणिसंग्रहालयं मोकळी केली. संगणकावर खाली शब्दांचा आकडा दिसतो, तो अडीचशेच्या वर गेला की माझं मत पूर्ण होई.

मग विषय आला, वृद्धांनी मुलांजवळ राहावं की वृद्धाश्रमात? वृद्धाश्रमाच्या बाजूने मुद्दे भराभर सुचले. चोवीस तास वैद्यकीय सोय, समवयस्कांची सोबत, मुलांच्या करिअरला मोकळीक. उदाहरण ओळखीचं हवं, म्हणून घरातलंच दिलं: रात्री उशिरापर्यंत चालणारा टीव्ही, पहाटे पाचला लागणारा मिक्सर. प्रिंट काढून टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेलो.

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेत. बाहेर आलो तर निबंध तपासून झाला होता. चार ठिकाणी गाळलेला ‘द’ लाल पेनाने भरलेला, ‘प्लेथोरा’वर काट, ‘मिक्सर’च्या शेजारी समासात ‘आईला दाखवला आहे’. आणि सगळ्यात खाली, सहीच्या वर, शेरा: ‘मुद्दे पटण्यासारखे. आम्ही कधी निघायचं?’