विमानाच्या लाल मिक्स्चर नॉबला हात लावायचा नाही म्हणे!

चौथ्यांदा तोच फॉरवर्ड आलाय, आज तर गावाकडच्या ग्रुपवर पण. "छोट्या विमानाचं मिक्स्चर 5000 फुटांखाली कधीच लीन करू नये, फुल रिच ठेवा, इंजिन थंड राहतं, लीन केलं की जळतं." (मिक्स्चर म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा; नॉब बाहेर ओढला की पेट्रोल कमी, ते लीन; पूर्ण आत ढकलला की पेट्रोल जास्त, ते फुल रिच.) कोण लिहितंय बे हे?

पहिलं ते 5000 फुटांचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 1500 फुटांवर, त्या उंचीला स्टँडर्ड तापमान धरतात 12 डिग्री, आणि मे महिन्यात आपल्याकडं असतं 42, गरम हवा विरळ होते, मग जास्तीच्या दर डिग्रीला उंचीत 120 फूट धरले तर 3600 वाढले, म्हणजे होटगी रोडच्या रनवेवर उभं असतानाच इंजिनाला हवा 5100 फुटांवरची मिळतेय! आता खाली कुठं जायचं? इंजिन बनवणारे लायकमिंगवाले स्वतःच सांगतात, क्रूझमध्ये म्हणजे वर सरळ उडताना 75 टक्के किंवा कमी पॉवर असेल तर कुठल्याही उंचीवर लीन करा, फक्त आपल्या विमानाचं मॅन्युअल बघून.

"रिच म्हणजे थंड" हे टेकऑफच्या फुल पॉवरला खरंय, तिथं खालच्या थंड हवेत लीन केलं तर डेटोनेशन, म्हणजे सिलेंडरात मिक्स्चरचा एकदम भडका, होऊन पिस्टनची वाट लागेल, मान्य. पण क्रूझमध्ये लीन करत गेलं की एक्झॉस्टच्या धुराचं तापमान आधी वाढतं, पीकला पोचतं आणि मग उतरतं. सिलेंडर हेड सगळ्यात जास्त तापतं ते एक्झॉस्ट टेंपरेचरच्या पीकच्या जरा रिच बाजूला, पीक ओलांडून आणखी लीन गेलं की उलट थंड व्हायला लागतं. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात सगळ्या सिलेंडरला सारखं मिक्स्चर पोचत नाही म्हणून एवढं लीन होण्याआधीच इंजिन थरथरतं, मग नॉब जरासा आत ढकलायचा, स्मूथ झालं की बास.

आणि "रिच म्हणजे सेफ"? जुन्या आरएक्सचा चोक ओढूनच गाडी फिरवली तर प्लग कसा काळा होतो, माहितेय ना. इथं तर अॅव्हगॅसमध्ये, म्हणजे छोट्या विमानाच्या पेट्रोलात, शिसं असतं, टॅक्सी करताना म्हणजे विमान जमिनीवर चालवताना इंजिन गार आणि मिक्स्चर रिच, मग ते शिसं जळून बाहेर न जाता प्लगवरच बसतं आणि टेकऑफआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारा भाग) चेक करताना आरपीएम धडाधड पडतो.

बरं, सेसना 172 च्या पुस्तकातले क्रूझचे पेट्रोलाचे आकडे पण लीन केलेल्या मिक्स्चरचेच असतात. तुम्ही फुल रिचवर उडणार आणि हिशोब पुस्तकातला लावणार, टाकी आधीच रिकामी होणार की ओ!

उतरताना मात्र हवा दाट होत जाते तसा नॉब हळूहळू आत ढकलायचा, ते विसरलात तर खरंच इंजिन बंद पडू शकतं. फॉरवर्डवाल्यानं नेमकं हेच लिहिलं नाही.