डार्क सोल्स: तीन भाग आणि परतीची वाट

गेल्या महिन्यात मामेभावाने डार्क सोल्स या व्हिडिओ गेमचा तिसरा भाग संपवला आणि त्याच रात्री फोन केला. पहिलंच वाक्य, "दादा, आता खरं सांग, तिन्हींत भारी कुठला? तिसराच ना?" मी नाही म्हटलं. त्यावरून जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं आणि फोन ठेवल्यावरही डोक्यातून जाईना. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. पोस्ट लांब आहे. कथेतली गुपितंही फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना हे गेम खेळायचे आहेत त्यांनी आधी खेळावेत आणि मग इकडे यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने २००९ साली डेमन्स सोल्स काढला आणि त्यातूनच पुढे डार्क सोल्सची मालिका उभी राहिली. पहिला भाग २०११, दुसरा २०१४, तिसरा २०१६. शत्रूंना मारलं की सोल्स मिळतात. त्यावरच लेव्हल वाढवायची, त्यावरच सामान घ्यायचं. मेलात की सगळे सोल्स तिथेच पडतात आणि तुम्ही शेवटच्या बॉनफायरपाशी, म्हणजे विसाव्याच्या शेकोटीपाशी, जागे होता. मधल्या वाटेवरचे जवळपास सगळे शत्रू पुन्हा उभे. तेवढी वाट परत तुडवून पडलेले सोल्स उचलायचे. जाताना पुन्हा मेलात तर पहिले सोल्स कायमचे गेले.

आता या तीन भागांची तुलना निघाली की लोक बॉसवरून, म्हणजे टप्प्याटप्प्यावर आडव्या येणाऱ्या मोठ्या शत्रूंवरून, करतात. कुठला बॉस किती अवघड, कुणाला किती तास लागले, कुणाचं संगीत जास्त अंगावर येतं. त्या मोजपट्टीने तिसरा भाग जिंकतो, हे मी भावालाही सांगितलं. नेमलेस किंग, सिस्टर फ्रीडे, गेल. या तोडीच्या लढाया पहिल्या भागात नाहीत. पण बॉसशी आपण गेममधला किती वेळ असतो? बाकीचा सगळा वेळ आपण वाटेवर असतो. बॉनफायरपासून पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. मला वाटतं, या मालिकेचा जीव त्या वाटेत आहे. आणि वाटेवरून मोजायला लागलं की क्रम पार बदलतो.

पहिल्या भागातली माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे एक साधी लिफ्ट. कुठली ते ओळखलं असेल. सुरुवातीला फायरलिंक श्राइन या मुक्कामाच्या जागेपासून निघून तुम्ही अनडेड बर्गमधून वर चढता. पुलावर ड्रॅगन येऊन सगळं भाजून काढतो. त्याला चुकवून, पडत-मरत तुम्ही अनडेड पॅरिशच्या चर्चपाशी पोचता. मला इथवर यायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. एस्टस (जीव भरून काढायचं पेय) संपलेलं, जीव एवढासा उरलेला, बॉनफायर कुठे आहे याचा पत्ता नाही. चर्चच्या आत एका बाजूला लिफ्ट दिसली. मागचा पुढचा विचार न करता चढलो. ती खाली जायला लागली, बराच वेळ जातच राहिली, आणि उतरता उतरता ओळखीचं संगीत कानावर आलं. फायरलिंकचं. बाहेर पाऊल टाकलं तर समोर तोच बॉनफायर आणि शेजारी तोच उदास योद्धा बसलेला.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तसाच बसून राहिलो. तीन संध्याकाळी मला वाटत होतं की मी घरापासून लांब लांब चाललोय, आणि खरं तर मी सगळा वेळ घराच्या डोक्यावर फिरत होतो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशा नाही, बाण नाहीत. पायांनी चालल्यामुळे कळलं.

हे साधतं एकाच कारणाने. पहिल्या भागाच्या जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत तुम्हाला एका बॉनफायरवरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. ती सोय मिळते ॲनॉर लोंडोत ऑर्नस्टीन आणि स्मॉ या जोडीला हरवल्यावर, लॉर्डव्हेसल नावाचं भांडं हातात आल्यावर, आणि तेव्हाही ठरावीक बॉनफायरपुरतीच. तोवर जिथे जाल तिथून पायी परत यायचं. म्हणून ब्लाइटटाउनची भीती वाटते. तिथले शत्रू फार ताकदवान आहेत म्हणून ती वाटत नाही. फुंकणीने विषारी काटे मारणारे ते छपून बसलेले दोन-चार जण सोडले तर बाकीच्यांचं फार काही नाही. भीती वाटते ती खोलीची. फळ्या, शिड्या, पुन्हा फळ्या करत तुम्ही खाली उतरता आणि प्रत्येक शिडीगणिक मनात येतं, एवढं सगळं परत चढायचंय. तळाच्या दलदलीत उभं राहून वर बघितलं की पोटात खड्डा पडतो. आणि एवढ्या खाली एका पोकळ झाडाच्या आत, दोन खोट्या भिंतींपलीकडे, आणखी खाली जाणारी वाट आहे. ती उतरून मी पहिल्यांदा ॲश लेकच्या काठावर पोचलो, तेव्हा त्या अथांग पाण्यात उभे असलेले ते प्रचंड बुंधे बघून मला जगापासून तुटल्यासारखं झालं. बॉनफायरवरून एका बटणात तिथे पोचलो असतो तर तो फक्त एक सुंदर देखावा झाला असता.

आणि म्हणूनच पहिल्या भागाचा उत्तरार्ध पडतो. उडी मारायची सोय मिळाली की लॉर्ड्रनचा, म्हणजे या भागातल्या जगाचा, एकसंधपणा सुटतो. लॉस्ट इझलिथमध्ये तर लाव्हाच्या पठारावर तेच ते ड्रॅगनचे अर्धे धड ओळीने उभे करून ठेवलेत, आणि शेवटी बेड ऑफ केऑस. तो बॉस मी आजवर कुणाला आवडल्याचं ऐकलं नाही. मला पहिला भाग सर्वांत प्रिय आहे, तरी हा उत्तरार्ध घाईत उरकलाय हे स्पष्ट दिसतं.

भावाचा मुद्दा असा होता की, "दादा, हा निव्वळ वेळ घालवणं आहे. बॉसपाशी मेलो तर मला बॉसशीच लढायचंय, पाच मिनिटं धावायचं नाहीये." तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. दुसऱ्या भागाच्या डीएलसीत (नंतर वेगळ्या आलेल्या पुरवणीत) फ्रिजिड आउटस्कर्ट्स म्हणून बर्फाचं मैदान आहे. हिमवादळात काही दिसत नाही, त्यात घोड्यासारखे प्राणी अंगावर धावून येतात, आणि एवढं पार करून बॉसपाशी मेलात की पुन्हा तेच. तिथे अंतर म्हणजे शिक्षाच आहे. चालायला लावणं वेगळं आणि चालताना काहीतरी कळणं वेगळं. पॅरिशच्या वाटेवर दहाव्या खेपेला मला कळलं होतं की कुठला सैनिक कुठल्या पिंपामागे दडलाय, कुणाला टाळून जाता येतं, कुठून उडी मारली की जिना वाचतो. गावाकडच्या वाटेवरचा दगड-धोंडा पायाला पाठ असतो तशी ती वाट मला आजही पाठ आहे.

आता दुसरा भाग. याला लोक मनापासून शिव्या घालतात आणि बऱ्याच शिव्या रास्त आहेत. पहिल्या भागाचे दिग्दर्शक मियाझाकी तेव्हा ब्लडबोर्न या वेगळ्या गेममध्ये गुंतले होते, हा भाग तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांनी दिग्दर्शित केला. इथे पहिल्या बॉनफायरपासूनच उडी मारता येते, त्यामुळे जग एकमेकांत गुंफायची गरजच उरली नाही. अर्दन पीक या पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्टने वर जाता आणि पोचता लाव्हात बुडालेल्या लोखंडी किल्ल्यात. बाहेरून बघितलं तर पवनचक्कीच्या वर नुसतं आकाश आहे. रोल करताना मार चुकणार की नाही हे ॲडॅप्टेबिलिटी नावाच्या आकड्यावर अवलंबून ठेवलंय, आणि ते गेम धड सांगतही नाही. कितीतरी लोकांनी याच पायी अर्ध्यात सोडला.

तरी माझ्या यादीत तो दुसरा आहे, तिसऱ्या भागाच्या वर. कारण परतीच्या वाटेचा दुसऱ्या भागाने केलेला विचार इतर दोघांनी केलाच नाही. इथे प्रत्येक मरणाबरोबर तुमची जास्तीत जास्त जीवशक्ती थोडी कमी होते, होत होत निम्म्यावर येते. आणि एखाद्या शत्रूला ठरावीक वेळा मारलं की तो पुन्हा उगवतच नाही. म्हणजे तुम्ही एखाद्या ठिकाणी अडकलात, मरत राहिलात, तर वाट हळूहळू रिकामी होते. मी एका किल्ल्यात इतका अडकलो की शेवटी बॉनफायरपासून बॉसच्या दारापर्यंत एकही जण उरला नाही. सुरुवातीला बरं वाटलं. मग त्या ओसाड दालनांमधून, अर्ध्या जिवाने, एकट्याच्याच पावलांचा आवाज ऐकत जाताना फार विचित्र वाटायला लागलं. वाट सोपी झाली होती आणि त्यात काहीतरी संपलंही होतं.

अख्खा दुसरा भाग याच संपण्याबद्दल आहे. राजा व्हेंड्रिकला शोधा, राजाला भेटा, असं गेम तुम्हाला कितीतरी तास सांगत राहतो. शेवटी अनडेड क्रिप्टमध्ये त्याचा रक्षक वेलस्टाड आडवा येतो. मोठी लढाई होते. पलीकडे एक अंधारी गोल खोली. तिथे राजाची वस्त्रं आणि चिलखत जमिनीवर पडलेलं, त्यातच त्याची अंगठी, आणि तो स्वतः उघड्या अंगाने, तलवार फरफटत, घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरतोय. तुमच्याकडे बघतही नाही. तुम्ही मारत नाही तोवर तो हातही उचलत नाही. मी ढाल वर धरून त्याच्या मागून एक फेरी पूर्ण चाललो, मग ढाल खाली केली. अंगठी उचलली आणि बाहेर आलो. एवढ्या मोठ्या राजाची भेट एक शब्दही न बोलता संपली. या मालिकेतला कुठलाही बॉस माझ्या मनात याच्याइतका खोल रुतलेला नाही, आणि त्या वेळी मी तर त्याच्यावर वारही केला नव्हता.

तिसऱ्या भागाबद्दल लिहायला मला थोडं जड जातंय, कारण तो वाईट नाहीच. हाताला तो सगळ्यांत छान लागतो. इरिथिल नगरी पहिल्यांदा चंद्रप्रकाशात दिसते तेव्हा कुणीही थांबून बघत राहील. कॅथेड्रल ऑफ द डीप तर पहिल्या भागात शोभेल असं आहे. एकच छोटं प्रार्थनागृह, तिथला बॉनफायर, आणि तुम्ही कुठूनही भटकून कुठलंही दार उघडलं की पुन्हा तिथेच. पण असं कॅथेड्रल एकच. बाकी बॉनफायर इतके जवळ की पुढची पायरी चुकायची भीतीच राहत नाही. हाय वॉल ही पहिली जागा संपल्यावर वॉर्ड्ट या बॉसला हरवलं की एक बॉनफायर, आणि तिथून अनडेड सेटलमेंटचा बॉनफायर अगदी हाकेच्या अंतरावर. फायरलिंक श्राइन इथेही आहे, पण शेजारचं स्मशान सोडलं तर तिथून पायी कुठेच जाता येत नाही, बटण दाबायचं आणि निघायचं. पहिल्या भागातल्या घराचं नाव घेतलंय, घराकडे येणारी वाट मात्र घेतलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा भाग सारखा मागे वळून बघतो. ॲनॉर लोंडो परत येतं, ऑर्नस्टीन-स्मॉच्याच दालनात ऑल्ड्रिच नावाचा बॉस भेटतो. शेवटच्या सोल ऑफ सिंडरच्या लढाईत मध्येच पहिल्या भागातल्या शेवटच्या बॉसची, ग्विनची, ती पियानोची धून वाजते. तिथे माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ते पाणी २०११ च्या गेममुळे आलं होतं. जिथे या भागाने मागचं सगळं घेऊन स्वतःचं काहीतरी म्हटलं ती जागा म्हणजे २०१७ चं शेवटचं डीएलसी, द रिंग्ड सिटी. तिथे काळाच्या शेवटी सगळी राज्यं एकमेकांवर कोसळून ढिगारा झालाय, आणि त्या ढिगाऱ्यात दुसऱ्या भागातलं अर्दन पीक सापडतं. ज्या जागेला सगळे हसले तिलाच इथे मानाने जागा दिली, हे बघून मला मनापासून बरं वाटलं. त्यापुढे राखेच्या वाळवंटात गेल. एक सामान्य गुलाम योद्धा, एका चित्रकार मुलीला चित्रासाठी रंग मिळावा म्हणून जगाच्या अंतापर्यंत चालत आलेला. तिन्ही भागांतली ही सर्वोत्तम लढाई आहे, यावर भावाचं आणि माझं एकमत आहे.

याच कंपनीच्या पुढच्या गेमचं, एल्डन रिंगचं विचाराल तर तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. एवढंच म्हणतो की २०२२ मध्ये त्यांनी बऱ्याच बॉसच्या दाराशीच पुन्हा जागं व्हायची सोय करून दिली, आणि भावासारख्या मुलांचा प्रश्न मिटवला. अंतर मात्र त्यांनी घोड्यावर बसवून मोकळ्या माळावर आणलं. ते वेगळं सुख आहे.

आणखी एक सांगायचंय. हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी घरची परिस्थिती बेताची होती, ते वाचनालयातली इंग्रजी पुस्तकं आणायचे, त्यातलं बरंच कळायचं नाही, आणि न कळलेल्या जागा ते कल्पनेने भरायचे. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमची शाळा आठवली. मी मराठी माध्यमातला. डार्क सोल्समधल्या अंगठ्या-तलवारींवरचं जुन्या वळणाचं इंग्रजी वाचताना शेजारी शब्दकोश घेऊन बसायचो, तरी निम्मं निसटायचं. निसटलेलं मी माझं माझं जुळवायचो. अनेकदा चुकीचं जुळवलं असणार. पण हा गेम माझ्यासारख्याला परका का वाटला नाही, ते त्या मुलाखतीनंतर समजलं.

तर माझा क्रम: पहिला, दुसरा, तिसरा. भावाचा अजून उलटाच आहे. तो आता पहिला भाग खेळतोय, ब्लाइटटाउनच्या तळाशी आहे, आणि मी त्याला वर यायची वाट सांगत नाहीये.

तुमच्यापैकी कुणी दुसरा भाग नव्याने सुरू करणार असाल तर दोनच गोष्टी. ॲडॅप्टेबिलिटी सुरुवातीलाच वाढवा. आणि मुखवटा घातलेली ल्यूकॅटिएल जिथे जिथे दिसेल तिथे थांबा, तिचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत ऐका. प्रत्येक भेटीत तिला थोडं कमी आठवत असतं. शेवटच्या भेटीत ती तुमच्याकडे काय मागते ते इथे लिहीत नाही.